नॉर्मल रिपोर्टची शिक्षा

मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या डोक्याचा एमआरआय करायचा होता, म्हणून खांदेश्वर स्टेशनजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर सासू, मुलगा आणि पंचविशीतली सून. सुनेला वरचेवर फिट यायची. मशीनपाशी धातू चालत नाही, म्हणून तिने मंगळसूत्र आणि कानातलं काढून नवऱ्याच्या रुमालात ठेवलं. जोडवी मात्र निघेनात. बेसिनपाशी पाय वर घेऊन, बोटांना साबण लावून, ओठ दाबत तिने ती एकेक ओढून काढली. बोटांवर पांढरे वळ उमटले होते.

संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेले, तर ती तिघं तिथेच. पाकीट देताना काउंटरवरच्या मुलीने "नॉर्मल आहे" म्हटलं आणि सासूबाई मुलाकडे वळल्या, "बघ, मशीनमध्येसुद्धा काही आलं नाही. सगळी नाटकं आहेत." सून खाली मान घालून पायांकडे बघत राहिली.

"काही आलं नाही" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. अर्धशिशीने अंधारात पडून राहणाऱ्या बाईबद्दल ऐकलं, नैराश्याने अंथरुणातून न उठणाऱ्या मुलाबद्दल ऐकलं. पूर्वी फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायचे, देवऋषी गाठायचे. आता एमआरआय काढतात. हा बदल मोलाचाच आहे. पण देवऋषीच्या कौलावर जसा डोळे मिटून विश्वास ठेवला, तसाच फिल्मवर ठेवणार असू, तर बदललं काय?

नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ, रक्तस्राव, सूज, जुना व्रण, फीतकृमीमुळे झालेली गाठ, हे सगळं त्यात कळू शकतं. म्हणून तो काढलाच पाहिजे. पण रुळांचा नकाशा कितीही नीट पाहिला, तरी सकाळची पनवेल लोकल मानसरोवरला का अडकली ते त्यात सापडत नाही. आकडी म्हणजे मेंदूतल्या विजेचा काही क्षणांचा गोंधळ. तो शमल्यावर काढलेला फोटो स्वच्छ येऊ शकतो, आणि अपस्माराच्या पुष्कळ रुग्णांचा तो तसाच येतो. दोन झटक्यांच्या मधल्या शांत वेळी काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेखसुद्धा नॉर्मल निघू शकतो.

काही झटके अपस्माराचे नसतातही. मनावरचा असह्य ताण शरीरातून बाहेर पडतो, आणि माणूस ते मुद्दाम करत नसतो. अशा रुग्णांच्या मेंदूत भावनांशी आणि हालचालींशी संबंधित भागांची एकमेकांशी असलेली जोडणी वेगळी वागते, असं फंक्शनल एमआरआयच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते दिसतं गटाच्या सरासरीत. एका सुनेचा स्कॅन घेऊन ती खरी की खोटी, हे सांगणारं यंत्र नाही. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये ज्या तत्त्वावर या तंत्राचा पाया घातला, त्यात मोजला जातो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, आणि तोही काही सेकंद उशिरा. चित्रातले लाल-पिवळे ठिपके संगणकाने गणित करून भरलेले असतात. गणितात ढिलाई झाली तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते, हे अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं.

यंत्राला साक्षीदार करण्याची चूक आपल्या न्यायालयातही झाली आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना, मेंदूतल्या विद्युतलहरींवरून गुन्ह्याची आठवण ओळखल्याचा दावा करणारी चाचणी विचारात घेतली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. आरोपीला निदान वकील असतो, अपील असतं. स्वयंपाकघरात चालणाऱ्या खटल्यात सुनेला यातलं काय आहे?

आणि रिपोर्टमध्ये काही निघालं असतं, तरी तिची सुटका नव्हती. वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आड येणारी गोष्ट होती. तो शब्द वगळायला १९९९ साल उजाडलं. कायद्यातून गेला, पण स्थळ बघताना अजून दबक्या आवाजात विचारला जातोच. निघालं तर मुलीत खोट, नाही निघालं तर मुलगी नाटकी. हा अन्याय आहे आणि तो आपण, शिकलेली माणसं, हातात पाकीट धरून करतो.

नॉर्मल रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडेच जायला हवं. पुढच्या वेळी फिट आली की तिला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं आणि मोबाइलवर चित्रण करावं. किती वेळ चाललं, आधी काय झालं, डोळे उघडे होते की मिटलेले, यावरून डॉक्टरांना जे कळतं ते पुष्कळदा फिल्मवरून कळत नाही. मनावर ओझं आहे असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या संध्याकाळी पाऊस थांबेपर्यंत आम्ही दारातच उभ्या होतो. मी सासूबाईंना विचारलं, "फिट येते तेव्हा हिचे डोळे उघडे असतात की मिटलेले?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेकडे बघत म्हणाल्या, "तेवढं बघितलंच नाही हो मी कधी."