चकतीवरचा नंबर

अमेरिकेत मिशिगन राज्यात माझा एक भाचा असतो. पेशाने इंजिनिअर, पण हौस म्हणाल तर जुन्या बाजाराची! गेली चार वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने १९६५ सालच्या एका पाँटिॲक जीटीओ गाडीपायी खर्च केला आहे. या गाडीच्या इंजिनावर तीन कार्ब्युरेटर ओळीने बसवलेले. साध्या चालीत मधला एकटाच संसार ओढतो. पाय जोराने दाबला की पुढचा आणि मागचाही जागा होतो. पाँटिॲकवर अशी जोडणी मिळणे १९६६ च्या मॉडेलबरोबर संपले. त्यामुळे हौशी लोक आज तिचे सुटे भाग शोधत फिरतात.

कार्ब्युरेटरच्या झाकणावर स्क्रूखाली धातूची एक लहानशी चकती असते. तिच्यावरचा नंबर म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच. भाच्याला मिळालेल्या तिघांपैकी मधल्याची चकती हरवलेली. तो मूळचा कुठल्या गाडीचा, देव जाणे! भाच्याने तो उकलून धुतला, झिजलेल्या भोकांत पितळी बुश बसवले, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे नवे रबरी भाग घातले. गाडी सुरेख चालू लागली. आता घर घेण्यासाठी ती विकायची आहे.

"मामा, हव्या त्या नंबरची नवी चकती इथे विकत मिळते," तो फोनवर म्हणाला. "लावू का? किंमत चांगली येईल."

मी चटकन म्हणालो, "लाव की! भांड्याला कल्हई केली म्हणून भांडे खोटे ठरते का?"

फोन ठेवला आणि मन खाऊ लागले. नवा बुश हवा अडवतो, नवे रबर पेट्रोल अडवते. ते आपापले काम करतात. आपण जुने आहोत असे कुणाला सांगत नाहीत. चकतीतून पेट्रोलचा थेंबही जात नाही. तिचे काम एकच, बोलणे. आणि जिचे काम केवळ बोलणे, ती खरे तरी बोलेल नाही तर खोटे.

मला हे सुचायला एक कारण होते. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा निबंध मी स्पर्धेसाठी 'सुधारून' दिला. शुद्धलेखन सुधारले तोवर ठीक होते; पुढे माझ्यातल्या कादंबरीकाराला राहवेना. पहिले बक्षीस मिळाले. मी पाठ थोपटली, तेव्हा पोर खाली मान घालून म्हणाले, "सर, यात माझे वाक्य कुठले?" त्यानंतर त्याने आपण होऊन कधी वही दाखवली नाही. मी त्याच्या निबंधावर माझी चकती ठोकली होती, नाव मात्र त्याचे ठेवून.

रात्री मी भाच्याला पुन्हा फोन केला. म्हटले, "चकती लाव, पण ती नवी आहे, हे कागदावर लिहून दे."

"मग भाव पडेल, मामा."

"पडेल," मी म्हणालो. घर त्याला घ्यायचे आहे, मला नव्हे. म्हणून आवाज फारसा चढवला नाही. "बघतो," एवढेच तो बोलला.

त्या मुलाची मूळ वही अजून माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आवराआवरीत कपाट उघडणारच आहे. या खेपेस ती बाजूला काढून त्याचा पत्ता शोधायचे मी ठरवले आहे.