पाणी कोणाच्या दारी?

वसईच्या मातीत वाढलेल्या माणसाला घराच्या खाली आणखी एक घर असते ही कल्पना प्रथम विचित्रच वाटते. आपल्याकडे जोते उंच असावे आणि पायऱ्या चढून घरात जावे, ही रीत. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात, फार्गो शहराच्या परिसरातील एका धर्मग्रामात साहाय्यासाठी काही वर्षे राहण्याचा योग आला, तेव्हा जिना उतरून तळघरात जाण्याची सवय मला करून घ्यावी लागली. तिकडे हिवाळ्यात जमीन कित्येक फूट खोल गोठते. गोठलेली माती फुगून वरचे बांधकाम उचलू पाहते. म्हणून घराचा पाया त्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढे खोदलेच आहे तर ती जागा वाया का घालवावी, असा व्यवहारी विचार करून तेथे कपडे धुण्याचे यंत्र, पाहुण्यांची खोली, जुनी कागदपत्रे असा सारा संसार मांडलेला असतो.

परंतु जमिनीच्या पोटात घर केले की जमिनीतल्या पाण्याशी गाठ पडणारच. त्यासाठी तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात एक खड्डा असतो. त्याला ‘सम्प’ म्हणतात; आपल्या गिरणी कामगारांच्या संपाशी त्याचा काही संबंध नाही! पायाभोवती पुरलेल्या छिद्रांच्या नळ्या आसपासचे पाणी या खड्ड्यात आणतात. खड्ड्यातील पंपाला एक तरंगता गोळा जोडलेला असतो. पाणी चढले की गोळा वर येतो, पंप सुरू होतो आणि पाणी नळीवाटे भिंतीबाहेर फेकले जाते. ते मागे फिरू नये म्हणून नळीत एक झडप असते. हिवाळाभर हे यंत्र बहुधा मुकेच असते. मार्च सरत आला, बर्फ वितळू लागले आणि खालची जमीन अद्याप गोठलेली असल्याने पाण्याला मुरायला वाव उरला नाही, की मात्र त्याला रात्रंदिवस उसंत मिळत नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त शेतकरी राहत. पहिल्याच वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते बादली घेऊन दारात उभे राहिले. “फादर, पंप पाहिलात का?” मी पाहिला नव्हता. त्यांनी प्रथम विजेची जोडणी काढली, खड्ड्यातला गाळ आणि खडे हाताने उपसले, तरंगता गोळा भिंतीला अडत नाही ना हे पाहिले. मग पुन्हा वीज जोडून बादलीभर पाणी हळूहळू खड्ड्यात ओतले. पंप घरघरला, पाणी गेले. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवून घ्या, असेही त्यांनी बजावले. कारण वादळात पंप सर्वाधिक लागतो आणि वादळातच वीज जाते.

काम झाले असे समजून मी हात धुवायला निघालो, तर हे गृहस्थ बाहेर पडून घराला वळसा घालून नळीच्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले. तेथून पलीकडच्या घराच्या भिंतीपर्यंत त्यांनी पावले मोजली. सहा भरली. जमिनीचा उतारही तिकडेच होता. “तुमचा पंप हे पाणी त्यांच्या पायाशी टाकणार, त्यांचा पंप ते उपसणार, थोडे पुन्हा तुमच्याकडे येणार,” ते म्हणाले. “नळी वाढवून पुढच्या उतारावर न्या.” मी “पुढच्या आठवड्यात करू” म्हटले. तो प्रायश्चित्तकाळ होता, कामे पुष्कळ होती. तो आठवडा काही आला नाही.

एप्रिलच्या आरंभी एका रात्री दोनच्या सुमारास खालून पंपाचा अखंड आवाज येऊ लागला. जाऊन पाहतो तो खड्डा काठोकाठ भरलेला. दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठून बाहेर नळीचे तोंड बंद झाले होते. घाबरून मी पंपाला एक रबरी नळी जोडली आणि तिचे टोक कपडे धुण्याच्या यंत्राजवळच्या मोरीत सोडले. पाणी झरझर उतरले. मी देवाचे आभार मानून झोपलो.

सकाळी कळले की खालच्या गल्लीतील दोन घरांच्या तळघरांत मोरीतून मलमिश्रित पाणी वर आले. त्यांतील एक घर आमच्याच धर्मग्रामातील एका वृद्ध विधवेचे. तिच्या पतीची छायाचित्रे आणि पत्रे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जमिनीवर ठेवलेली होती.

मोरी मलवाहिनीला जोडलेली असते. पावसाचे आणि जमिनीचे पाणी तीत सोडण्यास तिकडच्या बहुतेक नगरपालिकांची मनाई आहे. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून काही ठिकाणी परवानगीने सूट मिळते, तेवढीच. नगरपालिकांच्या पत्रकांत एक हिशेब पुष्कळदा छापलेला असतो: ८ इंची मलवाहिनी सुमारे २०० घरांचे सांडपाणी वाहून नेते, पण तीच वाहिनी तुडुंब भरायला ८ सम्प पंप पुरेसे होतात. त्या रात्री आमच्या भागात किती घरांनी माझ्यासारखेच केले, कोण जाणे. माझ्या नळीनेच ते खोके भिजले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही.

येथे माझ्यातला सेमिनरीचा जुना विद्यार्थी जागा झाला. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना सांगितले आहे की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. त्यातूनच पुढे दुहेरी परिणामाचे तत्त्व विकसित झाले. मी ते स्वतःला लावून पाहिले. घर वाचवणे हा हेतू चांगला. शेजारणीचे नुकसान मला अभिप्रेत नव्हते, ते माझे साधनही नव्हते. परंतु मी काय वाचवले? एक गालिचा आणि काही फायली. कोणती जोखीम कोणावर टाकली, याचा तौलनिक विचार मी केलाच नव्हता. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबबही तोकडी पडते. टाळता येण्याजोगे अज्ञान दोषातून मुक्त करीत नाही, हे मीच वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. आणि ‘आठांतला माझा एक’ असे म्हटले तरी आठवा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे.

तरीही रात्री दोन वाजता त्या माणसाने दुसरे काय करायचे होते, असा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला. कदाचित काहीच नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला शेजारी दिसत नाही. माझी निवड त्या रात्री झालीच नव्हती. ती तीन आठवडे आधी, कोरड्या जमिनीवर, सहा पावलांच्या अंतरावर झाली होती. विवेक या सद्गुणाचे घटक सांगताना अक्वायनस दूरदृष्टीला त्यांत प्रमुख स्थान देतात, त्याचा अर्थ मला पुस्तकात कधी इतका उमगला नव्हता.

हाच प्रश्न त्या खोऱ्यात नदीच्या आकाराने उभा राहतो. तिथली रेड नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेत बर्फ आधी वितळते, उत्तरेत पात्र अजून गोठलेले असते, आणि प्राचीन सरोवराच्या सपाट तळावर पाणी मैलोन्‌मैल पसरते. १९९७ साली ग्रँड फोर्क्स शहराला ४९ फुटांचा अंदाज दिला गेला होता. नदी ५४ फुटांवर गेली आणि जवळजवळ सारे शहर रिकामे करावे लागले. सीमेपलीकडे कॅनडातील विनिपेग मात्र वाचले, कारण १९६२ ते १९६८ या काळात शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा कालवा खोदून ठेवलेला होता. पण त्याच्या दरवाजांमुळे वरच्या बाजूला पाणी तुंबते. १९९७ मध्ये दरवाजांच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्रँड पॉइंट या वस्तीतील पुष्कळ घरे बुडाली. लाखोंचे शहर वाचवण्यासाठी थोड्यांची घरे बुडवणे न्याय्य का, यावर तिकडे बराच वाद झाला. अखेर २००४ साली मॅनिटोबा प्रांताने अशा कृत्रिम पुराची भरपाई देणारा कायदा केला. भरपाईने सारे भागते असे मी मानत नाही. परंतु आपले पाणी कोणाच्या दारी जाते हे आधी मान्य करून ते लेखी देणे, एवढा प्रामाणिकपणा मला माझ्या रबरी नळीत आढळला नाही.

परत आल्यावर आपली बावखले बुजलेली आणि भराव घालून उंचावलेली आवारे पाहतो, तेव्हा प्रत्येक फाटकापाशी ती सहा पावले मनातल्या मनात मोजली जातात.

त्या बाईंना मी खरे सांगितले, पण मे महिन्यात. त्या खोक्यातील पत्रे त्यांनी दोरीवर वाळत घातली होती. बरीचशी वाचण्याजोगी राहिली नव्हती. त्यांनी माझे सारे निमूटपणे ऐकून घेतले. मग विचारले, “नळी वाढवलीत का?”

“हो.”

“किती?”

“वीस फूट.”

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर त्या काठी टेकत घराच्या मागे गेल्या आणि स्वतः पाहून आल्या.