आधी काय सांगायचं?

(अंबड तालुक्यातलं अंकुशनगर. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू आहे. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला ओठ आणि टाळू फाटलेलं बाळ झालंय. तिच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, आलेल्या आशाताई आणि जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक यांच्यातलं हे कल्पित बोलणं.)

आशाताई : सासू म्हणते, ग्रहणात विळीवर बसली, म्हणून झालं. मी म्हटलं, ग्रहणाचा काही संबंध नाही. तर ती पोरगी म्हणाली, “मग कशानं झालं?” माझी बोलतीच बंद झाली, सर.

सर : जे घडतं ते सांगायचं. चेहरा अखंड उगवत नाही, जोडला जातो. गर्भ राहिल्यापासून चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे असतात : कपाळाकडून एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. मानेच्या जागी कमानींसारखे पट्टे. त्यांतून जबडा, कानातली हाडं, स्वरयंत्र घडतं. हृदयसुद्धा तेव्हा गळ्यापाशीच असतं, मागाहून छातीत उतरतं. वरच्या जबड्याचे उंचवटे मध्याकडे सरकतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात नाकाकडून आलेल्या मधल्या भागाला जुळतात. नाकाखालच्या पन्हळीवर बोट ठेवा. तिच्या दोन्ही कडांशी तो सांधा आहे.

आशाताई : आणि टाळू?

सर : तिच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभ्या लोंबतात. जीभ खाली बसली की त्या आडव्या होतात आणि मध्ये जुळतात. गर्भात आधी काय होतं, यावर सुश्रुतसंहितेत वाद आहे. शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय; धन्वंतरींचा निवाडा असा की सगळी अंगं एकदमच. आज तो जसाच्या तसा मानता येत नाही, पण अनेक कामं एकाच वेळी चालतात हे खरं. म्हणून एकाला उशीर झाला की दुसऱ्याची जुळणी हुकते.

आशाताई : पण उशीर का झाला? ती तेच विचारणार.

सर : थोडं आनुवंशिक, आई-बाप दोघांकडून आलेलं. थोडं बाहेरचं : धूम्रपान, काही औषधं, पोषण. एकेका बाळाचं नेमकं कारण बहुतेकदा हाती लागत नाही.

आशाताई : ती मिसरी लावते. फॉलिक ॲसिडची गोळी तिनं घेतली नव्हती. हे बोलू?

सर : मिसरी म्हणजे तंबाखूच. तिनं बाळाचं वजन कमी भरतं, हे पक्कं. ओठ फाटण्याशी तिचा संबंध तितका पक्का नाही. फॉलिक ॲसिडनं पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे दोष टळतात, हे १९९१च्या मोठ्या चाचणीत दिसलं. ओठाबाबत पुरावा कमजोर आहे. एवढंच, पण खरं सांगा.

आशाताई : एवढ्यातलं सासूच्या कानावर काय पडेल? “मिसरी.” ग्रहण गेलं, मिसरी आली, आरोपी तीच राहिली. आणि तिनं करायचं तरी काय होतं? सातव्या आठवड्यात ओठ जुळून झाला म्हणता. पाळी चुकून तेव्हा जेमतेम महिना उलटलेला. ती फडात मोळ्या बांधत होती. आमच्याकडे नोंद होईपर्यंत चेहरा घडूनही गेला होता.

सर : म्हणून गप्प बसणार? अशा बाळानंतर पुढच्या मुलालाही हे होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. इतरांत साताठशे जन्मांत एखादं. तिला हे कळायचा हक्क नाही?

आशाताई : हक्क आहे. पण तीच गोष्ट हंगामाआधी, मुकादम आगाऊ उचल वाटतो तेव्हा, नवरा-बायकोच्या सगळ्या जोड्यांना सांगितली तर ती काळजी ठरते. आज एकट्या तिला सांगितली तर पंचनामा.

सर : हंगामाआधीची वेळ तर गेली. आता वाट बघत बसलात आणि तिला पुन्हा दिवस गेले, तर? तुमची दयाच तिला महाग पडेल.

आशाताई : (थांबून) हे मात्र खरं.

सर : मग?

आशाताई : आज आधी दूध. फाटक्या टाळूनं बाळाला ओढता येत नाही, तर पिळून काढून, बाळाला उभं धरून वाटी-चमच्यानं पाजायचं. मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे. ऑपरेशन फुकट होतं. ओठाचं साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं वर्षाच्या आसपास. आणि नवरा-बायकोला एकत्र बसवून म्हणेन : पुढचं मूल लगेच नको, आणि ठरवाल तेव्हा महिनाभर आधीपासून गोळी. मिसरी तिनं सोडायची, बिडी त्यानं.

सर : कारण मात्र गाळलंत.

आशाताई : तिनं पुन्हा विचारलं तर तेही सांगेन, नक्की कळत नाही, यासकट. पण आधी उद्या काय करायचं ते.

सर : क्रम निवडणं म्हणजे थोडं लपवणंच, ताई.

आशाताई : असेल, सर. पण तुम्ही वर्गात सांगून घरी जायचात. मला उद्या त्याच कोपीवर परत जायचंय, आणि तिनं मला दारात उभं केलं पाहिजे.