आधार मागणे ही दुर्बलता काय?

दारू सोडणे आणि सोडलेली राहणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली एका दिवसात घडते. दुसरीस सारे आयुष्य लागते. गंगाखेडच्या आसपासच्या खेड्यांतील ज्या बंधूंनी अशी शपथ वाहिली आहे, त्यांस हा भेद आम्ही शिकवावा असे नाही. ऊसतोडीची उचल हाती पडते, बाजाराचा दिवस येतो, जुना सोबती हाक मारतो, आणि मनुष्य पुन्हा पडतो. मग लोक म्हणतात, "ह्याची शपथच खोटी होती."

येथे एक प्रश्न उभा राहतो. जो इतरांच्या आधाराने मोहापासून दूर राहतो, त्याचा निग्रह एकट्याने झुंजणाऱ्याच्या निग्रहापेक्षा हलका मानावा काय? पुष्कळांस तसे वाटते. कित्येक भाविक तर म्हणतात की, ज्याची प्रार्थना खरी, त्यास डॉक्टरची वा सोबत्याची गरज पडू नये. हे मत वरवर पाहता थोर दिसते. परंतु ते खरे नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम शरीराचा विचार करू. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूस सरावलेले असते. तो एकाएकी थांबला, तर हात कापतात, झोप उडते, कोणास झटके येतात, कोणास भ्रम होऊन नसलेले दिसू लागते. क्वचित प्राणही जातो. हे खोट्या शपथेचे लक्षण नव्हे. अशा मनुष्याने सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. हात मोडला असता आपण प्रार्थना करतो आणि हात बांधूनही घेतो. तसेच हे आहे.

आता मनाचा विचार. 1935 साली बिल विल्सन नावाचे गृहस्थ अमेरिकेतील ॲक्रन शहरी व्यापाराच्या कामास आले होते. सुमारे पाच महिने त्यांनी दारूस स्पर्श केला नव्हता. काम फसले, मन खचले, आणि हॉटेलात जवळच मद्यालय होते. तिकडे न वळता त्यांनी टेलिफोन हाती घेतला. एका पाळकाने काही नावे सांगितली, आणि एका बाईंच्या ओळखीने त्यांची डॉ. बॉब स्मिथ ह्यांच्याशी गाठ पडली. डॉक्टरही दारूने गांजलेले होते. ध्यानात घ्या, विल्सन तेथे स्वतः वाचावे म्हणून गेले होते. आणि दोघेही वाचले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संगती निघाली. ती 1957 पासून आपल्या देशातही आहे. तेथे फी नाही, नाव उघड होत नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट.

पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी 1986 साली पु. ल. व सुनीता देशपांडे ह्यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे बरे झालेले कित्येक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. व्यसनी मनुष्याच्या पत्नीसही आधार हवा, हे ओळखून तेथे तिच्यासाठी सहचरी नावाचा गट चालतो.

कोणी म्हणेल, "अशाने मनुष्य आपले कर्तव्य दुसऱ्यावर टाकील." तसे होत नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या जात्यास विठ्ठलाने हात लावला, ही आख्यायिका येथील प्रत्येक मूल जाणते. ती कोणी कशीही मानो. परंतु जात्यावर दुसरा हात आला म्हणून जनाबाईंचे दळण कोणी हलके मानले नाही. दुसऱ्या हाताने जाते फिरवण्यास बळ येते. बसून दळावे लागतेच. त्याचप्रमाणे पेला नाकारणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. सोबती इतकेच करतो की, नाकारण्याच्या घटकेस तो एकटा नसतो.

तर उपदेशक बंधूंनो, आपण काय करावे? उचल मिळेल त्या दिवशी त्या बंधूबरोबर बाजारास जावे. ऊसतोडीस जाणाऱ्या अशा दोघांनी होईल तर एकाच टोळीत राहावे. 14446 हा व्यसनमुक्तीच्या सल्ल्याचा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तो उपासनामंदिराच्या दाराशी लिहून लावावा. घरच्या बाईंचे दुःख ऐकून घ्यावे. मार निमूटपणे सोसा, असे त्यांस कदापि सांगू नये. आणि जो पडला, त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी जावे. चौकशीस नव्हे, सोबतीस.

शपथेच्या वेळी साक्षीदार पुष्कळ मिळतात. चौथ्या दिवशी, दिवेलागणीस, जेव्हा घसा कोरडा पडतो व पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात, तेव्हा त्याच्या दाराशी आपल्यापैकी कोण उभा असतो, ह्याचा प्रत्येक मंडळीने विचार करावा.