गायरान कुणाचं?

दिवाळी सरली की आटपाडी, जत, माण, खटावाकडची धनगरं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात आणि मृगाच्या तोंडाला माघारी फिरतात. सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. भांडीकुंडी, वाकळा, मेंढरांभोवती लावायची वाघर, वर बांधलेल्या कोंबड्या, कालचं जन्मलेलं कोकरू. तळ पडला की आधी घोड्याचं ओझं उतरवायचं, पुढचे पाय बांधायचे आणि चरायला सोडायचं. मेंढरं माणसाच्या वावरात बसतात, पण घोडं उसात सोडता येत नाही. त्याला मोकळं रान लागतं, म्हणून तळ गायरानात.

दोन वर्षांमागं आमच्या गावात यावरून बैठक बसली. तरणी पोरं म्हणाली, "गायरान गावाचं हाय, ह्येंचं न्हाई. उठवा."

कायद्यानं पोरांचं खरं होतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात २३ वं कलम आहे. मोफत चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरताच, असं ते सांगतं. वाटसरूच्या घोड्याला त्यात जागा नाही. आणि धनगर सगळे संत आहेत असंही नाही. बाभळीच्या फांद्या तोडतात, नव्या रोपाला मेंढरू तोंड लावतंच. आमच्या जिल्ह्यात सागरेश्वरचा उघडा डोंगर माणसांनी झाडी लावून हिरवा केला, १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. चराई आणि कुऱ्हाड मोकाट ठेवून ते झालं नसतं.

पण पूर्वी ह्यो प्रश्नच नव्हता. सुगी झाली की रानं मोकळी पडायची, घोडं कुठंही चरायचं. ताकारी-टेंभूचं पाणी आलं, ऊस आला, पड म्हणून राहिलं नाही. पाणी आलं ते चांगलंच झालं. पण त्यांची वाट आपण पेरून टाकली, हेही तितकंच खरं.

दुसरं म्हणजे, लेंडीखत पाहिजे तेव्हा आपणच मोटरसायकलीवर त्यांना हुडकत हिंडतो. "मामा, चार रात्री माझ्यात बसवा," म्हणून धान्य देतो, पैसे देतो. मेंढरू पाहिजे आणि त्याच्या मालकाचं बिऱ्हाड वाहणारं घोडं नको, हा कुठला न्याय?

अतिक्रमण म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०११ लाच गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलंय. आमच्या गायरानात पत्र्याची शेडं आहेत, कडब्याच्या गंजी आहेत, एकाचा तर पक्का गोठा आहे. धनगर उठला की मागं चुलीचे तीन दगड आणि लीद राहते. पण त्याचं मत आमच्या गावच्या यादीत नाही, शेडवाल्यांचं आहे.

बैठकीत मी एवढंच म्हणालो, "उठवायचंच तर सगळ्यांनाच उठवू. आधी आलेल्यांपासनं सुरुवात करू. नावं लिवून घ्या."

वही पुढं आली, पेन काही आलं नाही. कुणीतरी चहा सांगितला. धनगर आणखी दोन रात्री राहिले आणि तिसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत घोडी लादून पुढं गेले.