डबीचा आवाज

एचआयव्हीवरच्या एआरटी गोळ्यांची डबी हलली की खुळखुळते. म्हणून पिशवीत ठेवण्याआधी तिच्यात कापसाचा बोळा कोंबायचा, वरचा कागद ओल्या बोटानं खरवडून काढायचा. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधून गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एसटीनं कुहीला परतणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. शेजारच्या सीटवर ओळखीचं कुणीतरी असतंच. 'नागपूरले काहून गेली होती वं?' विचारणारीच्या मनात काही नसतं, तो तिचा रामराम असतो. हिला मात्र दर खेपेला नवं उत्तर शोधावं लागतं.

औषधानं आपलं काम केलं आहे. भारतात 1986 साली चेन्नईत एचआयव्हीचं पहिलं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली. 2017 पासून निदान झालं की सीडी-फोर पेशींची संख्या कितीही असो, गोळ्या सुरू होतात. त्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. हे वाक्य अजून किती घरांत पोचायचं आहे! पण रिपोर्ट चांगला आलेली बाईही रात्र रात्र जागी असते. मन खचलं की गोळी चुकते, गोळ्या चुकत गेल्या की विषाणू उसळतो, औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे मनाची काळजी हा उपचाराचाच भाग आहे.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मोकळेपणानं सांगून टाका. मला तो पटत नाही. कुही-मांढळकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर जाऊन पाहा. बाया ओळीनं बसून देठं तोडतात, बोटं जळतात, ठसक्यानं डोळे भरतात, आणि हात चालू असताना नवऱ्याची दारू, सुनेचं बाळंतपण, बचत गटाचा हप्ता, सगळं बोलून होतं. हा एक आजार तेवढा ओठावर येत नाही. एका माठातलं पाणी प्यायल्यानं, मांडीला मांडी लावून बसल्यानं एचआयव्ही होत नाही, हे गोळ्या घेणारीला पक्कं ठाऊक आहे. शेजारणीला ठाऊक आहे का, याची तिला खात्री नाही. तिचा अंदाज चुकला तर ओळीतली जागा जाईल, रोजी जाईल. तिनं धाडस करावं, असं सांगणारे आपण कोण? 2018 मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंही गोपनीयता हा तिचा हक्क मानला आहे.

मग आधार द्यायचा कसा? माझं उत्तर असं की तो आजाराच्या नावानं देऊच नये. अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' या प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्यावर काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तिकडे झिम्बाब्वेत, हरारेमध्ये, दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर येणाऱ्यांचं ऐकून घ्यायला प्रशिक्षित आज्या बसतात. तिथले लोक दुःखाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडची बाईही 'लई विचार येते जी' असंच म्हणते. त्या बाकावर बसणाऱ्यांत एचआयव्ही असलेले पुष्कळ असतात, पण बाक सगळ्यांसाठी आहे. पोराच्या काळजीनं आलेली आणि गोळ्यांवर असलेली, कोण कशासाठी बसली आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही.

विदर्भानं कुष्ठरुग्णांसाठी दत्तपूर उभारलं, आनंदवन उभारलं. त्या कामापुढे हात जोडावेत. पण तिथे राहायला येणाऱ्यानं आधी आपलं गाव सोडलेलं असे. एचआयव्ही असलेल्या बाईला आज गाव सोडायचं कारण नाही. तिला तिच्याच घरात, त्याच सातऱ्यावर म्हातारं व्हायचं आहे. स्वतः या वाटेनं गेलेल्यांचे गट हवेतच, त्यांच्याइतका धीर दुसरं कुणी देत नाही. ते नागपूरला भेटतात तेच बरं, तिथे ओळख निघायची भीती कमी. पण महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं काय? हेल्पलाइनला फोन लावावा, तर दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडेच बसलेली.

म्हणून ऐकणारं माणूस तालुक्यातच हवं, पण गल्लीतलं नको. हे काम आशाताईंवर आणखी एक ओझं म्हणून टाकू नये. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं मानधन हवं, आणि गुपित सांभाळणं हा त्या प्रशिक्षणातला पहिला धडा हवा. बसायला आठवडी बाजाराचा दिवस धरावा, त्या दिवशी गावात कोण कशाला आलं हे कुणी विचारत नाही. ऐकणारी वेलतूरची असेल तर मांढळला बसेल, मांढळची असेल तर कुहीला. दार लोटता येईल अशी एक खोली, दोन खुर्च्या, प्यायला पाणी, आणि दारावर कुठल्याही आजाराची पाटी नाही.