आपोआप सुटणारा खांदा आणि मैत्रेयाचा आक्षेप

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय आत्रेय पुनर्वसूंपुढे असा आक्षेप मांडतो की, कुशल वैद्य, योग्य औषध, परिचारक आणि संयमी रुग्ण असे सारे जुळूनही काही जण दगावतात, तर यांपैकी काहीही नसताना काही जण बरे होतात. मग चिकित्सा करणे आणि न करणे यांत भेद तो कोणता? विषमज्वरासारख्या व्याधीत हा आक्षेप फार काळ तग धरत नाही, परंतु फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, या विकारात तो जवळजवळ अखंड उभा राहतो.

1934 मध्ये अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी या विकाराला हे नाव दिले. यात सांध्याभोवतीचे वेष्टन सुजते आणि जाड होऊन आकसते. खांदा आधी ठणकतो, मग आखडतो आणि बहुधा एक ते तीन वर्षांत हळूहळू सुटतो, मात्र काहींच्या बाबतीत थोडा ताठरपणा मागे उरतो. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो. रोग स्वतःहून ओसरत असल्यामुळे त्या सुमारास जो उपाय चालू असेल, मग ते तेल असो, शेक असो वा नवस, त्याच्या पदरी यश पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे हे आहे. नैयायिकांच्या परिभाषेत येथे अन्वय, म्हणजे उपाय असता गुण दिसणे, एवढाच हाती असतो. व्यतिरेक, म्हणजे उपाय नसता गुण न दिसणे, कोणी तपासलेला नसतो.

ब्रिटनमधील 503 रुग्णांवरील जो अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्टिरॉइड इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा फिरवणे आणि दुर्बिणीतून वेष्टन मोकळे करणे यांची तुलना होती. वर्षअखेरीस कोणताही उपाय इतरांहून वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या फरकाने सरस ठरला नाही. मात्र काहीच उपचार न केलेला गट त्यात नव्हता, म्हणजे मैत्रेयाला हवा असलेला व्यतिरेक तेथेही सापडत नाही.

आत्रेयांचे उत्तर म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगे आहे. पडलेला मनुष्य स्वबळाने उठू शकत असला तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर आणि कमी कष्टात उठतो, असा दृष्टान्त ते देतात. सोळाव्या अध्यायातील स्वभावोपरमाचा सिद्धान्त याहून धीट आहे: भावांच्या, म्हणजे अस्तित्वात येणाऱ्या गोष्टींच्या, उत्पत्तीला कारण लागते, विनाशाला लागत नाही. मग वैद्य करतो तरी काय, या शिष्य अग्निवेशाच्या शंकेला मिळणारे उत्तर असे की, तो धातूंचे साम्य उत्पन्न करतो आणि त्याची परंपरा पुढे चालू ठेवतो. चिकित्सेचे श्रेय येथे चतुराईने आटोपशीर केले आहे, आणि ते योग्यच आहे.

लवकर आणि कमी कष्टात उठवणे हा निकष लावला की उपायांची प्रतवारी बदलते. ठणक्याच्या पहिल्या टप्प्यात दिलेले स्टिरॉइड काही आठवड्यांपुरती वेदना उतरवते. वर्षअखेरीच्या मोजणीत तो लाभ पुसला गेला तरी त्या कुशीवर झोपता न येणाऱ्या माणसाच्या रात्री त्यात जमा असतात. मधुमेह्याची साखर त्याच इंजेक्शनाने काही दिवस चढते. आणि भूल देऊन खांदा फिरवताना, क्वचित का होईना, दंडाचे हाड मोडते. आधाराला पुढे केलेला हात पिरगळूही शकतो, ही शक्यता आत्रेयांच्या दृष्टान्तात आलेली नाही.